कमी खर्चात बोल्ट अ‍ॅक्शन शिकारी रायफल कशी निवडावी

स्वस्त रायफलचा नेम लागत नाही, हा समज अजूनही पुष्कळांच्या मनात पक्का आहे. एके काळी त्यात तथ्य होतं. नळी आणि अ‍ॅक्शन (काडतूस आत घेऊन नळी मागून बंद करणारा मधला यंत्रभाग) एकमेकांत चोख बसवायला मुरलेला कारागीर लागायचा आणि त्याच्या हातकामाचे पैसे गिऱ्हाइकाला मोजावे लागायचे. आता नळीला आतून पीळ पाडणं, अ‍ॅक्शन कातणं ही कामं संगणकावर चालणारी यंत्रं करतात. त्यामुळे नावाजलेल्या कंपनीच्या सर्वांत साध्या रायफलची नळीसुद्धा बहुतेक वेळा ती धरणाऱ्या माणसापेक्षा अचूक असते.

मग कंपनीने पैसे वाचवले कुठे? दस्त्यात, मॅगझिनमध्ये (काडतुसं भरायच्या डबीत), चापात, बोल्टच्या (नळी मागून बंद करणाऱ्या, हाताने सरकवायच्या दांड्याच्या) घासकामात आणि वरच्या मुलाम्यात. यातली काही काटकसर खुशाल चालवून घ्यावी, काही अजिबात घेऊ नये. स्वस्त रायफल निवडणं म्हणजे मुख्यतः हा फरक ओळखणं. आणि वाचलेले पैसे दुर्बीण, काडतुसं आणि सराव यांवर खर्च करायचे, हे पहिल्यापासून ठरवून ठेवायचं.

दुकानात जाण्याआधी

काही देशांत शिकारीला पूर्ण बंदी आहे. जिथे परवानगी आहे तिथेही परवाना, हंगाम, कोणत्या जनावरासाठी किमान कोणतं काडतूस आणि मॅगझिनमध्ये किती गोळ्या, याचे नियम ठरलेले असतात. घरात कुलूपबंद कपाट असल्याशिवाय पुष्कळ ठिकाणी परवानाच मिळत नाही. हे सगळं आधी वाचून घ्या, कारण काडतुसाची निवड त्यावरच ठरते.

त्यानंतर दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. कोणतं जनावर? आणि जास्तीत जास्त किती अंतरावरून? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे लिहायचं. दाट जंगलात शंभर मीटरच्या पुढे जनावर दिसतच नाही. मोकळ्या माळावरसुद्धा नवख्या माणसाने दोनशे मीटरच्या पुढे गोळी टाकायचा विचार करू नये. जखमी होऊन पळालेलं जनावर तासन्‌तास तडफडतं. ते टाळणं ही शिकाऱ्याची पहिली जबाबदारी आहे.

काडतूस: जुनं, साधं, सगळीकडे मिळणारं

रायफलचं नाव ठरवण्याआधी काडतूस ठरवा. हरणाएवढ्या जनावरासाठी .२४३ विंचेस्टर (१९५५), ७ मिमी-०८ रेमिंग्टन (१९८०), ६.५ क्रीडमूर (२००७), .२७० विंचेस्टर (१९२५), .३०८ विंचेस्टर (१९५२) आणि .३०-०६ स्प्रिंगफील्ड (१९०६) ही सगळी काडतुसं उत्तम आहेत. वर्षं मुद्दाम दिली आहेत. शंभर वर्षांहून जुनं .३०-०६ आजही मूससारख्या अजस्र जनावराला पुरतं, त्यामुळे नव्या नावाच्या मागे धावण्याचं कारण नाही.

निवडताना धक्का बघा. ढोबळ हिशेबाने .३०० विंचेस्टर मॅग्नमचा (मॅग्नम म्हणजे जास्त दारू भरलेलं जोरदार काडतूस) धक्का .२४३ च्या जवळजवळ तिप्पट बसतो आणि .३०८ या दोघांच्या मधोमध येतं. स्वस्त रायफली वजनाला हलक्या असतात, म्हणून तेच काडतूस त्यांच्यातून जास्त जोरात लागतं. धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा आखडतो आणि गोळी खाली जाते. ही सवय एकदा लागली की मोडायला फार वेळ जातो. पहिली रायफल घेणाऱ्याने मॅग्नमच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हरणं आणि रानडुकरं एवढाच बेत असेल तर ७ मिमी-०८ किंवा ६.५ क्रीडमूर घ्या. त्याहून मोठं जनावरही मनात असेल तर .३०८. हलक्या बांध्याच्या किंवा कमी वयाच्या शिकाऱ्यासाठी .२४३ चांगलं, फक्त हरणासाठी गोळी जरा वजनदार आणि चांगल्या बनावटीची निवडायची. हे ठरलं की काडतुसं जिथून घेणार त्या दुकानात जाऊन फडताळ बघा. तुमच्या काडतुसाचे तीन-चार वेगवेगळे प्रकार तिथे नेहमी दिसत असतील तर ते काडतूस तुमच्यासाठी योग्य. एकच प्रकार आणि तोही मागवावा लागत असेल, तर रायफल कितीही स्वस्त मिळाली तरी पुढे खर्चात पाडेल.

कोणत्या रायफली बघायच्या

सर्वांत खालच्या किमतीच्या गटात सॅव्हेज अ‍ॅक्सिस, रुगर अमेरिकन (२०१२), मॉसबर्ग पेट्रियट आणि विंचेस्टर एक्सपीआर ही नावं पुन्हापुन्हा समोर येतात. त्यांच्या एक पायरी वर होवा १५००, वेदरबी व्हॅनगार्ड आणि टिक्का टी३एक्स. यातली व्हॅनगार्ड जपानमध्ये होवाच बनवते, त्यामुळे दोघींची अ‍ॅक्शन मुळात एकच. टिक्का फिनलंडमध्ये साकोच्या कारखान्यात तयार होते.

या रायफली स्वस्तात अचूक कशा होतात, हे कळण्यासाठी सॅव्हेजचं उदाहरण घेऊ. बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) काडतूस जिथे अडतं तो भाग, यांच्यात किती अंतर राहतं, याला हेडस्पेस म्हणतात. ते फार जास्त असेल तर काडतुसाची पुंगळी फाटू शकते, फार कमी असेल तर बोल्ट बंद होत नाही. पूर्वी नळीचा खांदा थोडाथोडा कातून हे माप जुळवावं लागे. सॅव्हेजने १९५८ च्या मॉडेल ११० मध्ये नळीवर एक मोठा नट बसवला. चेंबरमध्ये गेज ठेवायचा, नळी त्याला टेकेपर्यंत फिरवायची आणि नट आवळायचा. झालं हेडस्पेस. नळी आणि अ‍ॅक्शन जिथे मिळतात तिथे असा खाचा असलेला नट दिसला तर त्याला हलक्या कामाची खूण समजू नका. रुगर अमेरिकनवरही तो आहे.

बोल्टमध्येही फरक असतो. बंद बोल्टला जागीच अडकवून ठेवतात त्या त्याच्या खुंट्या. दोन खुंट्यांचा बोल्ट साधारणपणे ९० अंश उचलावा लागतो, तीन खुंट्यांचा ६० ते ७० अंशांत उघडतो. मोठ्या भिंगाची दुर्बीण बसवली की कमी उचलाचा फायदा कळतो, कारण हाताची बोटं तिला अडखळत नाहीत. बदल्यात तीन खुंट्यांचा बोल्ट उचलायला थोडा जड लागतो. रुगर अमेरिकनचा बोल्ट तीन खुंट्यांचा आणि ७० अंशांचा आहे. टिक्काचा दोनच खुंट्यांचा असूनही ७० अंशांत उघडतो आणि मऊही चालतो. तिची जादा किंमत बरीचशी या घासकामाची आहे.

हातात घेऊन बघा

यादी कितीही अभ्यासून केली तरी निर्णय हातात घेतल्यावरच करावा. दुकानदाराने दिलेली रायफल घेतल्याबरोबर नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून बोल्ट उघडा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा, बोट घालूनही चाचपा. त्याने तुमच्यासमोर तपासली असली तरीसुद्धा.

आता डोळे मिटा. नेहमी जशी खांद्याला लावाल तशी रायफल लावा, गाल दस्त्यावर सहज टेकवा आणि डोळे उघडा. दुर्बीण बसवलेली असेल तर काठाला काळी सावली न दिसता पूर्ण गोल चित्र दिसायला हवं. त्यासाठी मान ताणावी लागत असेल किंवा गाल उचलून हनुवटी टेकवावी लागत असेल, तर दस्त्याचा माथा तुमच्यासाठी खाली आहे. स्वस्त रायफलींत हा दोष सर्रास आढळतो. त्यावर चिकटवायची गालपट्टी मिळते आणि ती छान काम करते, पण तिचा हिशेब आताच धरा.

चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी प्रौढांच्या रायफलीत साधारण ३४ ते ३५ सेंटिमीटर असते. बुटक्या बांध्याच्या माणसाला किंवा जाड कोट घालून हिंडणाऱ्याला ती जास्त होते. अशांनी मुलांसाठीचं छोट्या दस्त्याचं मॉडेल बिनधास्त बघावं. काही दस्त्यांत पातळ-जाड चकत्या घालून लांबी बदलता येते.

यानंतर बोल्ट चालवा, आणि तोही खांद्यावरून रायफल न उतरवता. नव्या स्वस्त रायफलीत तो थोडा खरखरतो. वापराने आणि थोड्या तेलाने ही खरखर कमी होते, तिचा बाऊ करू नका. मात्र बोल्ट मधेच अडकत असेल तर ती रायफल बाजूला ठेवा. दुकानदार परवानगी देत असेल तर नकली काडतुसं मॅगझिनमध्ये भरून सगळी एकेक करून आत-बाहेर काढा, एकदा सावकाश आणि एकदा झपाझप. टोक अडणं, काडतूस तिरकं येणं, पुंगळी बाहेर न फेकली जाणं हे सगळं तिथेच दिसतं.

मॅगझिन ही स्वस्त रायफलीतली सर्वांत कच्ची जागा. प्लास्टिकची असली म्हणून वाईट असं नाही, तिची कडी बघा. ती लावताना खट्‌ असा आवाज येऊन घट्ट बसते का? खालून तळहाताने हलकी थाप मारली तर सुटत नाही ना? हातमोजे घालून काढता येते का? जादा मॅगझिन बाजारात मिळते का, हेही विचारा. कडी तुटली किंवा मॅगझिन जंगलात पडली तर तुमच्याकडे एकेक काडतूस भरायची रायफल उरते.

सेफ्टीकडे, म्हणजे चाप अडवून ठेवणाऱ्या कळीकडे, लोक फार कमी लक्ष देतात. सेफ्टी लावलेली असताना बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढता येतं की नाही, एवढं तरी नक्की तपासा. काढता येत असेल तर रायफल रिकामी करणं जास्त सुरक्षित होतं. होवा १५०० मध्ये तीन अवस्थांची सेफ्टी असते. सर्वांत मागच्या अवस्थेत बोल्टही बंद राहतो, मधल्या अवस्थेत सेफ्टी लागलेली राहून बोल्ट उघडतो. डावखुऱ्यांना दस्त्याच्या मानेवर अंगठ्याखाली येणारी सेफ्टी सोयीची पडते.

पुढचा दस्ता आणि नळी यांतली फट

स्वस्त रायफलीतल्या ज्या एका दोषाने नेम खरोखर बिघडतो, तो इथे सापडतो. साच्यात ओतलेला प्लास्टिकचा दस्ता हलका, पावसापाण्यात न फुगणारा आणि टिकाऊ असतो. लाकडाच्या मानाने शिकारीला तो मला जास्त भरवशाचा वाटतो. पण त्याचा पुढचा भाग पोकळ आणि लवचीक असतो. नळी गोळी सुटताना कंप पावते, आणि हा भाग तिला कधी टेकला, कधी नाही टेकला, तर प्रत्येक गोळी वेगळीकडे जाते.

तपासणी सोपी आहे. साध्या कागदाची पट्टी दुहेरी करून नळी आणि दस्ता यांच्यामध्ये घाला आणि अ‍ॅक्शनपर्यंत सरकवत न्या. ती न अडकता गेली पाहिजे. मग पुढचा दस्ता मुठीत धरून नळीकडे दाबा. जरा जोर लावल्यावर टेकला तर हरकत नाही. दोन बोटांच्या दाबाने टेकत असेल तर नुसत्या बॅगेवर ठेवल्यानेही टेकेल, पट्टा ताणून धरल्यावर तर नक्कीच टेकेल. आतली बाजू थोडी घासून फट वाढवता येते. लाकडी दांड्यावर खरखरीत पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि दोन्ही कडांना सारखं घासायचं, मधूनमधून कागदाची पट्टी घालून बघायचं. तासाभराचं काम आहे. मात्र नवी रायफल घासायची तयारी नसेल तर ताठ दस्त्याचं दुसरं मॉडेल निवडा.

अ‍ॅक्शन दस्त्यात कशावर बसते हेही विचारा. रुगर अमेरिकनमध्ये दस्त्यात धातूचे खाचेदार ठोकळे बसवलेले असतात, त्यामुळे धक्क्याने अ‍ॅक्शन सरकत नाही. असं काहीतरी पक्कं टेकू असणं चांगलं.

चाप

चाप ओढायला दीड किलोच्या आसपास जोर लागावा, आणि सरकताना मधे खडखड न होता एकदम सुटावा. जुन्या स्वस्त रायफलींचे चाप तीन किलोपर्यंत जड असायचे. रायफलचंच वजन तीन किलो असताना तेवढ्या ओढीत नेम हलल्याशिवाय राहत नाही. या शतकाच्या सुरुवातीला सॅव्हेजने अ‍ॅक्युट्रिगर आणला आणि ग्राहकाला स्वतः जुळवता येणारा चाप स्वस्त रायफलींतही येऊ लागला. अ‍ॅक्सिस घेताना मात्र हा चाप असलेलंच मॉडेल आहे ना, हे पाहून घ्या. साध्या चापाचंही मिळतं. रुगर अमेरिकनचा चाप साधारण १.४ ते २.३ किलोंच्या दरम्यान जुळवता येतो.

कंपनीने दिलेल्या स्क्रूशिवाय चापाच्या आतल्या भागांना घरी हात लावू नका. चापाची पकड कमी झालेली रायफल बोल्ट आपटून बंद केला तरी सुटू शकते.

नळीची लांबी, आणि "एक एमओए"ची हमी

.३०८ किंवा ७ मिमी-०८ साठी ५१ ते ५६ सेंटिमीटरची नळी पुरे. प्रत्येक इंच कमी केला की गोळीचा वेग सेकंदाला सात-आठ मीटरने घटतो. दोनशे मीटरच्या आत त्याने जनावराला काही फरक पडत नाही, झाडीत हिंडताना तुम्हाला मात्र पडतो. मॅग्नमला ६१ सेंटिमीटर तरी हवी.

पुष्कळ कंपन्या एक एमओएची हमी देतात. एमओए हे गोळ्यांचा पसारा मोजायचं कोनाचं माप. एक एमओए म्हणजे शंभर मीटरवर २.९ सेंटिमीटर. ही हमी बहुधा एकाच नेमावर टाकलेल्या तीन गोळ्यांच्या एका गटाची असते, आणि तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात. तुम्ही पाच-पाचचे दोन गट टाका. त्यांत दीड एमओए मिळालं तरी रायफल उत्तम आहे. दोनशे मीटरवर त्याचे नऊ सेंटिमीटरही होत नाहीत, आणि हरणाच्या छातीतला मर्माचा भाग वीस सेंटिमीटरच्या आसपास असतो.

दुर्बिणीत हात आखडू नका

रायफलसोबत दुर्बीण बसवून मिळणारा संच मोहात पाडतो. अशा संचातली दुर्बीण पुष्कळदा सर्वांत स्वस्तातली असते. अंधुक उजेडात, म्हणजे नेमकी जनावरं बाहेर पडतात त्या वेळी, तिच्यातून चित्र गढूळ दिसतं. काही दुर्बिणी धक्क्याने नेमही सोडतात. नुसती रायफल घ्या आणि उरलेल्या पैशांत स्वतंत्र दुर्बीण निवडा. दोघींवर सारखाच खर्च झाला तरी वावगं नाही.

तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण दोनशे-तीनशे मीटरपर्यंत सगळं काम करते. पंधरा-वीस पटीच्या मागे लागलात तर वजन वाढतं आणि जवळचं जनावर सापडत नाही. डोळा आणि दुर्बीण यांतलं अंतर नऊ-दहा सेंटिमीटर राहील अशीच घ्या, नाहीतर धक्क्यात भुवई फुटते.

दुर्बिणीच्या बैठका आणि कडी (दुर्बीण रायफलवर धरून ठेवणारे भाग) यांवर पैसे वाचवायचे नाहीत. "रायफल नेम धरत नाही" अशी तक्रार असते तेव्हा सर्वांत आधी बैठकीचे स्क्रू बघावेत. अ‍ॅक्शनवरची भोकं आणि स्क्रू यांवरचं तेल पुसा, बैठक बसवा, स्क्रूंना मध्यम ताकदीचा लॉकिंग द्रव लावा आणि मोजून आवळणाऱ्या पान्याने कंपनीने सांगितलेल्या जोरानेच आवळा. कड्यांचे स्क्रू एकाआड एक, थोडेथोडे.

वापरलेली रायफल घ्यायची असेल तर

तेवढ्याच पैशांत एक पायरी वरची रायफल मिळू शकते. १९३६ पासूनची विंचेस्टर मॉडेल ७० किंवा १९६२ पासूनची रेमिंग्टन ७०० अशा रायफली पुष्कळ फिरत असतात. बोल्ट काढून नळीत मागून उजेड टाका: पीळ धारदार दिसायला हवेत, खड्डे किंवा काळे डाग नकोत. नळीच्या तोंडावरची कड बारकाईने बघा. तिथे छोटी खोक असेल तरी गोळी बाहेर पडताना वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळी ढकलली जाते. स्क्रूंच्या खाचा खरबडलेल्या असतील तर कोणीतरी घरी खटपट केलेली आहे. दस्ता काढू दिला तर नळीच्या खालची बाजू पाहा. गंज तिथे लपतो. हेडस्पेस जाणकार बंदूक कारागिराकडून मोजून घ्या.

आणि अनुक्रमांक लिहून घेऊन कंपनीने ते मॉडेल परत मागवलं होतं का, हे तपासा. रेमिंग्टनने २०१४ मध्ये एक्स-मार्क प्रो चाप असलेल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली परत मागवल्या होत्या, कारण त्या चाप न ओढता सुटण्याची शक्यता होती. अशी रायफल दुरुस्त झाल्याचा पुरावा नसेल तर घेऊ नका.

घरी आणल्यावर

कारखान्याचं तेल नळीतून पुसून काढा, सगळे स्क्रू तपासा. मैदानावर कानांना आणि डोळ्यांना संरक्षण हवंच. रायफल बॅगांवर पक्की ठेवा, बोल्ट काढा आणि नळीतून २५ मीटरवरच्या लक्ष्याचा मध्य बघा. रायफल न हलवता दुर्बिणीचं चिन्ह त्याच मध्यावर आणा. म्हणजे पहिली गोळी कागदावर तरी पडते. इथे लक्षात ठेवा की दुर्बिणीची फिरकी फिरवताना येणारी पाव एमओएची एक खट्‌ शंभर मीटरवर गोळी सात मिलिमीटर सरकवते, तर २५ मीटरवर जेमतेम दोन. तिथे चौपट फिरवावं लागतं.

मग शंभर मीटर. दोन-तीन प्रकारच्या काडतुसांची एकेक पेटी आणा आणि प्रत्येकाचे गट वेगळ्या कागदावर टाका. एकाच नळीतून एक प्रकार दीड इंचात बसतो आणि दुसरा तीन इंचांत पसरतो, हे नेहमीचंच आहे. शिकारी रायफलची नळी पातळ असते, लवकर तापते, म्हणून पाच गोळ्यांनंतर तिला पूर्ण थंड होऊ द्या. थंड नळीतून निघणारी पहिली गोळी कुठे जाते ते वेगळं टिपून ठेवा. जनावरावर तीच गोळी चालणार आहे.

.३०८ शंभर मीटरवर चार-पाच सेंटिमीटर वर लागेल अशी जुळवली, तर साधारण पावणेदोनशे मीटरच्या आसपास ती नेमक्या नेमावर येते, आणि दोनशेच्या आत वरखाली विचार न करता छातीच्या मध्यावर नेम धरता येतो.

एकदा जुळवणी झाली की बॅगा बाजूला ठेवा. उरलेली काडतुसं बसून, गुडघ्यावर आणि काठ्यांच्या आधाराने चालवा. ज्या पवित्र्यातून ज्या अंतरावर पाचही गोळ्या वीस सेंटिमीटरच्या ताटलीत पडतात, त्या पवित्र्याची ती तुमची हद्द. ते आकडे काडतुसाच्या पेटीच्या झाकणावर लिहा, सोबत काडतुसाचं नाव आणि गोळीचं वजनही. पुढच्या वेळी तीच पेटी मागायची आणि काडतूस बदललं तर नेम पुन्हा जुळवायचा.